पास झालेली माती

मातीचे दोन नमुने सहसा एकमेकांशी सहमत होत नाहीत. एकाच खड्ड्यातून, एकाच माणसाने, एकाच दुपारी काढलेले असले तरी एक जरा ओला निघतो, दुसऱ्यात मुरमाचा खडा सापडतो, तिसरा यंत्रात ठेवता ठेवता मान टाकतो. गोंदियाजवळच्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात माती परीक्षणाची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या रुची बोपचेला या भांडणांची सवय होती. म्हणून पिंपळटोल्याच्या तलावाच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून आलेले तिन्ही नमुने जेव्हा एका सुरात बोलू लागले, तेव्हा तिला आनंद झाला नाही. लग्नघरात सगळे व्याही एकमेकांशी गोड बोलताना दिसले की वाटतं, तसं वाटलं. काहीतरी नक्कीच दडवलेलं असणार.

विभागप्रमुख डॉ. वीरेंद्र कटरे यांना असलं काही वाटत नसे. त्यांनी तिन्ही आलेख उजेडाकडे धरून एकावर एक ठेवले आणि बघतच राहिले.

"क्या बात है मॅडम! तीन नमुने, एकच रेघ. जैसे झेरॉक्स."

"तेच म्हणते सर. एक नमुना पाळीच्या माथ्याजवळचा, एक मधला, एक पार तळाचा. वरची माती वाळलेली असते, खालची ओली. तिघांत पाण्याचा अंश सारखा कसा येईल?"

"आता माती चांगलीच आहे तर आहे. तिला काय आपण शिव्या द्यायच्या?"

सरांचं प्रेम मातीवर नव्हतंच, मॉडेलवर होतं. माती हात घाण करते, मॉडेल संगणकात राहतं. त्यात पाळीचा उभा छेद काढायचा, त्याचे हजारो त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणाला मातीचे गुण द्यायचे: किती चिकट, किती ताकदीची, पाणी किती वेगाने झिरपू देणारी. मग बटण दाबलं की तलाव भरल्यावर पाळ उभी राहते की घसरते ते रंगांत दिसतं. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे पळा. सरांच्या मॉडेलात पिंपळटोल्याची पाळ मीटरभर उंच करून, वर काठोकाठ पाणी भरूनसुद्धा निळीशार उभी होती. नमुने यायला उशीर झाला म्हणून मातीचे गुण त्यांनी पुस्तकातून उचलले होते. एरवी असं केलं की मागाहून प्रयोगशाळेतले आकडे मॉडेलच्या दिशेने ओढत न्यावे लागायचे. विभागात या ओढाताणीला 'कॅलिब्रेशन' असा सभ्य शब्द होता. यंदा ओढावंच लागलं नाही. पिंपळटोल्याची माती आपण होऊन पुस्तकाबरहुकूम निघाली.

अहवालावर दोन सह्या लागणार होत्या. मॉडेलखाली सरांची, आणि 'सदर नमुने याच पाळीचे असून त्यांचे परीक्षण माझ्या देखरेखीखाली झाले' या वाक्याखाली रुचीची. त्या दोन सह्यांवर पाळ मीटरभर वाढणार होती, तलावात मीटरभर जास्त पाणी थांबणार होतं, आणि त्या पाण्याच्या पायथ्याशी गावाची खालची आळी रोज रात्री अंथरूण घालणार होती. रुचीने ती आळी पाहिली नव्हती. पण नकाशात ती पाळीला इतकी खेटून होती की दोघींच्या मध्ये पेन्सिलचं टोक मावलं नसतं.

"करून टाका सही," सर म्हणाले. "गावच्या धनलालजींना मी फोनवर सांगूनपण टाकलं. आपली माती पास."

"एक परीक्षा राहिली आहे सर."

"राहिली तर राहू द्या ना!"

पण रुचीचा स्वभाव असा की राहिलेली गोष्ट तिला रात्री दाताला टोचणाऱ्या बडीशेपेसारखी टोचे. तिने माती पाण्यात कालवून काचेच्या उंच नळकांड्यात ओतली. कण किती बारीक आहेत ते कळण्यासाठी ती हळूहळू खाली बसू द्यायची असते. माती खाली बसू लागली आणि एक गोष्ट वर आली. प्रयोगशाळेतला मदतनीस कवडू मेश्राम नाक काचेला लावून उभा राहिला.

"मॅडम, हे तं तूस होय."

"कसलं तूस?"

"कसलं म्हंजे? धानाचं. भात खाता ना तुमी?"

धानाचं टरफल. पिवळं, ताजं, पाण्यावर होडीसारखं डोलणारं. पाळ मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातली होती, आणि नमुना कागदोपत्री तिच्या पोटातून, दोन पुरुष खोलीवरून आला होता.

कटरे सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळाच उजेड पडला.

"मालगुजाराच्या जमान्याचं धान! मॅडम, यावर अलग पेपर होतो."

"सर, इतक्या वर्षांत ते कुजलं असतं."

"म्हणूनच तर पेपर होतो!"

*

पुढच्या सुट्टीच्या दिवशी रुची अर्जुनीपर्यंत गाडीने आणि तिथून केशोरीच्या पलीकडे काळीपिवळी जीपने पिंपळटोल्याला गेली. गावाच्या तोंडाशीच फ्लेक्स लागला होता. 'पिंपळटोला येथील माती शास्त्रीय परीक्षणात प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' डावीकडे काळ्या चष्म्यात पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष धनलाल पटले, उजवीकडे हात जोडलेले डॉ. कटरे, आणि मध्ये, उत्तीर्ण उमेदवाराच्या जागी, एक ढेकूळ. ढेकळाभोवती छापणाऱ्याने सोनेरी किरणं काढली होती.

धनलाल पटले फ्लेक्सवरच्यापेक्षा अंगाने निम्मे आणि आवाजाने दुप्पट होते.

"या या मॅडम! बोपचे ना तुमी? म्हंजे आपल्याच. कोनत्या गावच्या?"

"तिरोड्याकडच्या, काकाजी."

"पाहा! म्हनूनच माती पास झाली. परक्या मानसानं नापास केली असती." मग आत तोंड करून, "ओ, ऐकली का? गोंदियाच्या मॅडम आल्या. च्या ठेव!"

ओसरी पाहून रुची थबकली. भिंती अशा लिंपलेल्या होत्या की कुठे तडा नाही, भेग नाही, बोटाची खूण नाही. गाभुळ्या चिंचेच्या रंगाची, हात फिरवावासा वाटणारी गुळगुळीत भिंत. तिने हात फिरवलाही. मग नखाने कोपऱ्यात किंचित खरवडून पाहिलं. आत तूस होतं.

धनलालांच्या पत्नी दुलारीबाई चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, डोईवर पदर, हात कोपरापर्यंत कामाचे. त्यांनी खरवडलेला कोपरा पाहिला. कप जरा जोरात ठेवला.

"काकी, भिंत फार सुंदर आहे."

खरवडणं माफ झालं. "दिवारीच्या सनाले लिंपली ना. तलावाच्या कोन्यातली माती आनतो, चाळतो, दोन रोज भिजत घालतो, मंग पायानं तुडवतो. थोडं तूस टाकतो, नाई तं तडकते."

"काकी, आमच्या नळ्या तुमच्याकडे होत्या ना? लोखंडी. पाळीतून काढलेल्या."

"होत्या ना! याच ओसरीवर होत्या रातभर. ते बोरवाले पोट्टे म्हने, आमी नवेगाव बांधच्या मासोळ्या खाऊन येतो, सकारी तोंड बंद करून नेतो. गेले तं गेले." त्या जरा पुढे झुकल्या, घरची गोष्ट घरातल्या माणसाला सांगावी तसा आवाज लहान केला. "पर बाई, एक सांगू? लय लबाड पोट्टे. नळे अर्धेच भरले होते."

रुचीच्या हातातला कप थांबला. नळी जमिनीत दाबून वर काढताना पुष्कळदा माती पूर्ण येत नाही; निम्मी खालीच सुटते. हे जगभर होतं, आणि किती माती आली ते जगभर लिहून ठेवतात. "मग?" तिने विचारलं.

"मंग काय! तुमच्या कालेजात पिंपळटोल्याचं नाव सांगून अर्धा नळा जाईन? पटलाच्या घरून? आमच्या घरून धानाची पायली बी कधी वरतं शीग लावल्याबिगर गेली नाई. मी भरले ना तिनई."

"तुम्ही भरले."

"लिंपनाची माती उरली होती. मळून मळून लोन्यावानी केली अन् मुसळानं ठोकून ठोकून बसवली, वरपर्यंत. तिनई सारखे भरले हो! एकाले कमी अन् एकाले जास्त, असा दुजाभाव नाई केला."

"नाहीच केला, काकी," रुची म्हणाली. "तिन्ही आलेख एकावर एक आले."

"म्हंजे चांगलं झालं का?"

"फार चांगलं."

दुलारीबाईंचा चेहरा फुलला. रुचीने डोळे मिटून चहा संपवला. सकाळी परत आलेल्या पोरांनी भरलेल्या नळ्या पाहिल्या असणार, तोंडाला मेण लावलं असणार, आणि वर चिठ्ठी चिकटवली असणार: नमुना शंभर टक्के प्राप्त. चिठ्ठी तिला आठवतही होती. अशी चिठ्ठी तिने आजवर फक्त पुस्तकात पाहिली होती, आणि तेव्हाच खरं म्हणजे विचारायला हवं होतं.

त्याहून वाईट गोष्ट तिला काळीपिवळीत परतताना टोचणार होती, पण ती इथेच ओसरीवर डोकावून गेली. नळीतून माती बाहेर काढली तेव्हा प्रत्येकीचा वरचा भाग लोण्यासारखा सलग निघाला होता आणि खालचा भुगा झाला होता. भुगा पाहून सर म्हणाले होते, 'ये डिस्टर्ब झाली, छोडो.' आणि तिने छोडलं होतं. म्हणजे पाळीची खरी माती प्रयोगशाळेपर्यंत पोचली होती. तिथेच तिला सदोष ठरवून बाजूला सारलं होतं, आणि दुलारीबाईंच्या भिंतीला यंत्रात मान मिळाला होता.

"खालची आळी दाखवता का?" तिने धनलालांना विचारलं.

पाळीवरून खाली उतरताना खेकड्यांची बिळं दिसली, एक वारूळ दिसलं. धनलाल पुढे चालत सगळं हाताने दाखवत होते. तिथपर्यंत पाणी येईल, तिकडे उन्हाळी धान होईल, शेजारच्या कवलेवाड्याचे लोक जळून खाक होतील. पायथ्याशी एक नवं सिमेंटचं घर होतं, गुलाबी.

"हे आमच्या लोकेंद्राचं. मोठा पोरगा. नातीन बी हाये, आचल." मागच्या अंगणात केळीचं दाट बेट होतं. धनलालांनी एका खुंटावर थाप मारली. "अन् हे पाहा नवल! या केळीले कधी बादलीभर पानी टाकलं नाई. बारा महिने जमीन ओलीच. देवाची करनी."

रुचीने चपलेचं टोक जमिनीत दाबलं. खळग्यात पाणी जमलं. गढूळ. नुसतं पाणी झिरपलं तर फारसं बिघडत नाही. गढूळ झिरपलं म्हणजे पाळ आपली माती आतून वाटून टाकते आहे.

"काकाजी, पाणी असंच गढूळ येतं का?"

"खतावानी आहे ते. म्हनून तं केळी अशा वाढल्या!"

*

दुसऱ्या दिवशी तिने कवडूला विचारलं, "ती बाजूला ठेवलेली माती कुठे टाकली?"

"टाकली नाई मॅडम. तुमी तीनदा सांगतलं टाकून दे म्हनून, पर गेलोच नाई. कंटाळा आला." तो अपराध्यासारखा टेबलाखाली वाकला आणि परात ओढून काढली. कवडूच्या कंटाळ्याने विभागाचं आजवर पुष्कळ नुकसान केलं होतं. आज तो बढती मिळण्याच्या लायकीचा ठरला.

भुग्यावर सगळ्याच परीक्षा होत नाहीत, पण ज्या होतात त्या तिने केल्या. शेवटी एक खडा पाण्याच्या ग्लासात टाकला. चांगली चिकणमाती पाण्यात पडून राहते. हा खडा चटकन धुरासारखा पसरला आणि ग्लासभर दूध झालं. मग तिने खरे आकडे सरांच्या मॉडेलात घातले आणि बटण दाबलं. पाळीचा पायथा आधी पिवळा झाला, मग केशरी, आणि मग गुलाबी घराच्या बरोबर मागे लालभडक.

सर आत आले, पडद्याकडे पाहिलं आणि हबकले. "मॉडेल बिघडवलं कोणी?"

रुचीने सगळं सांगितलं. नवेगाव बांधच्या मासोळ्यांपासून मुसळापर्यंत. सर ऐकत होते, आणि ऐकता ऐकता सावरत होते. हे त्यांचं मोठं कौशल्य होतं.

"एक सांगा मॅडम. ती माती त्या बाईने आणली कुठून?"

"तलावाच्या कोपऱ्यातून."

"म्हणजे साईटवरूनच! मग प्रॉब्लेम काय आहे?"

"सर, चाळलेली, भिजवलेली, तुडवलेली, मुसळाने ठोकलेली माती आहे ती. तूस घालून. पाळीत तशी माती नाही."

"ते तुम्हाला, मला माहीत. मॉडेलला थोडीच माहीत आहे?" त्यांनी खुर्ची ओढली, आवाज मऊ केला. "हे बघा. कॉन्फरन्सला पेपर गेला आहे, तुमचंही नाव घातलंय. गुरुवारी साहेब लोक पिंपळटोल्याला येणार, प्रेझेंटेशन आहे. धनलालजींनी मंडप सांगितला आहे. मंडप, मॅडम! अब इस टाइम पे आप तूस लेके बैठोगे क्या?"

"सर, खाली घरं आहेत."

"घरं सगळीकडे असतात."

"तिथल्या अंगणात गढूळ पाणी येतंय."

"तलावाजवळ पाणी नाही येणार तर काय पेट्रोल येणार?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले आणि मग हसणं थांबवून म्हणाले, "सही तुम्ही नाही केली तर मी दुसऱ्या कोणाची घेतो. सहीला माणूस मिळतो, मॅडम. विभागात चार आहेत."

हे मात्र खरं होतं. चौघांपैकी तिघांनी प्रयोगशाळेची किल्लीही कधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांचे हात अगदी स्वच्छ होते.

रुचीने सही केली नाही. भांडलीही नाही, भांडण तिला जमत नसे, वाक्याच्या मध्येच ती स्वतःची चूक तपासू लागे. तिने फक्त विचारलं, "गुरुवारी मी आले तर चालेल ना सर?"

"चालेल म्हणजे? या ना! जेवण आहे."

*

गुरुवारी पिंपळटोल्याच्या समाजमंदिरासमोर मंडप, मंडपात पडदा, पडद्यासमोर सोफा, सोफ्यावर साहेब. ज्या कार्यालयाच्या निधीतून पाळ वाढायची होती तिथले हे साहेब सगळ्यांत मोठे होते आणि त्यांना लवकर निघायचं होतं. पुरुष खुर्च्यांवर बसले होते. बायका मागे, भांड्यांजवळ उभ्या होत्या.

रुची मागे गेली. "काकी, पुढे चला. माझ्याजवळ बसा."

"मी? पुढं? कढी कोन पाह्यन?"

"तुमच्या मातीवर बोलणार आहेत आज सर. तुम्ही नको का ऐकायला?"

दुलारीबाईंनी पळी शेजारणीच्या हातात दिली, पदर नीट केला आणि पहिल्या रांगेत येऊन ताठ बसल्या. धनलालांनी दुरून डोळे मोठे केले. त्या डोळ्यांकडे त्यांनी जन्मभर जितकं लक्ष दिलं होतं तितकंच आजही दिलं.

कटरे सर रंगात आले होते. पडद्यावर निळी पाळ, निळं पाणी, निळं आकाश. साहेबांनी जांभई गिळली. सर म्हणाले, मॉडेल आणि प्रयोगशाळा यांचा असा तंतोतंत मेळ जिल्ह्यात प्रथमच बसला आहे. टाळ्या झाल्या. कशाला झाल्या ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, पण गाव पास झालं होतं आणि मंडपाचे पैसे लागले होते.

"काही प्रश्न?" सरांनी साहेबांकडे पाहून विचारलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

रुची उभी राहिली. "सर, एकच. ही माती वरपासून खालपर्यंत इतकी एकसारखी कशामुळे?"

सरांनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. पण माइक हातात असला की त्यांना थांबता येत नसे.

"उत्तम प्रश्न! हा निसर्गाचा चमत्कार आहे. शेकडो वर्षं पाण्याने, दाबाने ही माती निसर्गतःच अशी मळली गेली, घट्ट झाली, एकजीव झाली. यात माणसाचा हात कुठेही नाही."

"नाई कसा?"

आवाज पहिल्या रांगेतून आला. सरांनी माइक खाली केला.

"निसर्ग कायले मळंल?" दुलारीबाई उठून उभ्या होत्या. "निसर्गाले काय काम पडलं? मी मळली! दोन रोज भिजवली, पायाचे तळवे सोलून निघाले. तूस टाकलं, मुसळानं ठोकली. अन् हे साहेब सांगून रायले का मानसाचा हातच नाई!"

"अवं, बस ना खाली!" धनलाल दबक्या आवाजात ओरडले.

"कायले बसू? तुमचा फोटू फ्लेक्सवर, या सरायचा फोटू फ्लेक्सवर, ढेकळाचा बी फोटू. अन् माती कोनाची? नळे अर्धे आनले होते त्या पोट्ट्यायनं. म्या भरले, तं पास झालं गाव!"

मंडपात कढीचा वास तेवढा फिरत राहिला. साहेबांनी सोफ्यावरून पाठ सोडवली. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना जाग आली होती.

"म्हणजे डॉक्टर, हे जे निळं निळं आहे, ते काय आहे?"

उत्तर रुचीने दिलं. "दुलारीकाकींच्या घराची भिंत आहे, साहेब. ती मात्र खरोखर मजबूत आहे."

कोणीतरी फस्सकन हसलं. रुचीने पिशवीतून दोन डब्या काढल्या आणि चहाचे दोन काचेचे ग्लास पाण्याने भरून साहेबांपुढच्या टिपॉयवर ठेवले. एकात दुलारीबाईंच्या मातीचा खडा टाकला, दुसऱ्यात पाळीतल्या मातीचा. पहिला तळाशी जाऊन पडला, पाणी तसंच राहिलं. दुसरा विरघळला, आणि पाणी गढूळ होत होत पांढुरकं झालं.

मागच्या रांगेतल्या खुर्चीवरून लोकेंद्र पुढे आला. गुलाबी घराचा मालक. त्याने ग्लास उचलून उजेडात धरला, मग बापाकडे पाहिलं.

"बाबूजी, केळीखाली पानी येते ना, ते असंच दिसते."

धनलालांनी ग्लासाकडे पाहिलं. मग पडद्याकडे, मग पाळीकडे. फ्लेक्सवरचा काळा चष्मा त्यांनी आज खिशात आणला होता. तो काढून उगीच पुसला आणि पुन्हा खिशात ठेवला. "तं मंग," ते हळूच म्हणाले, "एक मीटर राहू द्या सध्या."

*

सरांनी सावरायला वेळ लावला नाही. कढी-भाताच्या पंगतीत साहेबांच्या शेजारी बसून ते म्हणाले, "सर, एका दृष्टीने पाहिलं तर मॉडेल अगदी बरोबर आहे. अशी माती असती तर पाळ टिकलीच असती. म्हणजे मॉडेल सही था, पाळ गलत निकली."

साहेबांनी भुरका मारला. त्यांना हे पटलं. शासनात त्यांनी नोकरीभर हेच पाहिलं होतं. जेवणानंतरच्या बैठकीत असं ठरलं की यंदा तलाव आहे त्यापेक्षाही कमी भरायचा. पाण्याच्या बाजूने चाळलेल्या चिकणमातीचा जाड थर ठोकून बसवायचा, खालच्या अंगाला भर घालून पाणी निथळायची सोय करायची. मग नमुने पुन्हा घ्यायचे, आणि त्यानंतर उंचीचा विचार. इतिवृत्तात मात्र साहेबांच्या लेखनिकाने हे सगळं एका ओळीत बसवलं: 'पाळ मॉडेलशी सुसंगत करून घेण्यात यावी.' कटरे सरांनी त्या ओळीची चौकट करून विभागाच्या भिंतीवर लावली. पेपर मागे घेतला नाही. फक्त त्यातल्या 'पाळीची माती' या शब्दांऐवजी 'स्थानिक पारंपरिक माती' असं घातलं, आणि त्यावर त्यांना स्मृतिचिन्ह मिळालं. रुचीचं नाव तिच्याच विनंतीवरून वगळलं. ते सरांनी आनंदाने केलं. विनंती जराशी आधीच मान्य केली होती म्हणा ना.

पावसाळा सरल्यावर नमुने पुन्हा निघाले. या खेपेला रुची स्वतः गेली आणि बोरवाल्या पोरांना मासोळ्यांचं नाव काढू दिलं नाही. नळ्या वर आल्या. अर्ध्या. एक तर अर्ध्याहूनही कमी. रुचीने तिथल्या तिथे पट्टीने मोजून चिठ्ठीवर लिहिलं, मातीच्या तोंडावर वितळलेलं मेण ओतलं, थर थंड होऊ दिला. नळीचा वरचा भाग रिकामा राहिला.

दुलारीबाई पदराचं टोक तोंडात धरून सगळं बघत होत्या. त्यांना ते पाहवत नव्हतं.

"अशाच नेशीन? अर्ध्या?"

"अशाच न्यायच्या असतात, काकी."

"लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हणतील, खऱ्या आहेत."

त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात सूप होतं आणि सुपात नवा चिन्नोर तांदूळ. वास अंगणभर पसरला. "मातीले हात नाई लावत," त्या म्हणाल्या. "मेनाच्या वरतं टाकतो. पर रिकामं कसं जाऊ देऊ, सांग तूच."

रुचीने मेणाचा थर बोटाने दाबून पाहिला. पक्का होता. तिने नळी तेवढी सरळ धरली. दुलारीबाईंनी तिन्ही नळ्या ओंजळीओंजळीने भरल्या, सारख्या, आणि शेवटी प्रत्येकीवर चिमूटभर शीग लावली. ती झाकण बसवताना सांडली, तर सांडलेले दाणे वेचून पुन्हा रुचीच्या पिशवीत टाकले.

प्रयोगशाळेत कवडूने तिन्ही नळ्यांची झाकणं काढली, पहिली कलती केली आणि परात खाली धरली. तांदूळ सळसळत परातीत आला.

"मॅडम," तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "याची बी टेस्ट लावाची का?"

"लाव की. कुकरमध्ये."

तेवढ्यात कटरे सर दारातून डोकावले. हातात नव्या मॉडेलची फाईल होती. नमुने यायचे होते म्हणून तूर्त आकडे पुस्तकातले घातले होते. त्यांनी लांबूनच तोंडापर्यंत भरलेल्या बाकीच्या दोन नळ्या पाहिल्या आणि खूश होऊन मान डोलावली.

"वा! या वेळी नळ्या पूर्ण भरून आल्यात. लिहून टाका मॅडम, शंभर टक्के."